जाऊबाईंचा रांजण आणि काळं पाणी

वसंतात कोरियातल्या आमच्या उलजिनच्या डोंगराला वणवा लागला आणि पाइनचं सगळं रान काळं पडलं. घरं तेवढी वाचली. थोरल्या जाऊबाई ओक्बुन यांचा रांजणही वाचला. त्यात सासूबाईंच्या हातचा जुना सोया सॉस होता. दरवर्षी त्यात नवा मिसळायचा, म्हणजे घराची चव टिकते. रांजण ओढ्याकाठच्या ओट्यावर असायचा.

गावप्रमुख दोकमान सांगायला आला, "काकू, भाजलेली माती पाणी पीत नाही. जरासा पाऊस झाला तरी ओढा फुगेल. रांजण वर हलवा."

"मी लग्न होऊन आले तेव्हापासून ओढा ओट्याला शिवलेला नाही," जाऊबाई म्हणाल्या आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "आणि नेऊ कुठे? वर हिच्या अंगणात? ही टपलेलीच आहे!"

"राहू दे तिथेच," मी म्हटलं. "बेडकांना तरी चांगलंचुंगलं मिळेल."

पावसाळ्यात एका दुपारी सर आली. पाऊस म्हटला की आमच्या बायका आधी उन्हासाठी उघडे ठेवलेले रांजण झाकायला धावतात. जाऊबाई धावल्या, त्यांच्यामागे मी. एरवी एवढ्या सरीनं ओढा गढूळसुद्धा झाला नसता. पण जाऊबाई झाकण दोरीनं आवळत होत्या तेवढ्यात वरून घरघर ऐकू आली. राखेचं काळं पाणी जळके ओंडके घेऊन वळणावर आलं होतं.

"सोडा ते!"

"एकच गाठ राहिलीय गं!"

मी त्यांना कमरेला धरून ओढलं. दोघी चढावर आपटलो. रांजण डुलला, उचलला गेला आणि चक्क तरंगत निघाला, सासूबाईंसारखा ताठ.

"अगं, धर त्याला!"

"मी तुम्हाला धरलंय, तेवढं पुरे!"

पाणी आलं तसं ओसरलं. खाली कुणाच्या तरी मिरचीच्या वाफ्यात रांजण चिखलात रुतून उभा होता. धावत आलेल्या दोकमाननं गाठी सोडल्या. जाऊबाईंनी बोट बुडवून चाटलं आणि डोळे मिटले.

"राख शिरली का?" मी विचारलं.

"नाही. तीच चव." मग डोंगराकडे बघत त्या दोकमानला म्हणाल्या, "हिच्या अंगणात ने. डोंगर हिरवा होईपर्यंतच हं!"

आता रोज सकाळी त्या झाकण उघडायला येतात आणि माझ्या हातच्या रश्शाला नावं ठेवत जेवूनच जातात. परवापासून उतारावर कोवळे कोंब दिसू लागलेत. जाऊबाईंना लांबचं दिसत नाही. मी काही बोललेले नाही.