रक्त न सांडलेला बोकड

चंद्रभान खोटं बोलतो तेव्हा उजवा कान चोळतो. लहानपणी गुळाच्या ढेपेला हात लावला की चोळायचा. आता मिशा आल्या, बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या, तरी चोळतोच. पोटचा पोरगा म्हणून मी झाकून ठेवणार नाही. भित्रा आहे तो.

माघात त्यानं खांद्यावरून बोकड आणून ओसरीवर टाकला. सोललेला, पोट साफ केलेला.

"मले काहून नाही बोलावलं?" मी विचारलं.

"वावरातच कापला, माय. धुऱ्यावरच्या म्हसोबाले रगत वाहिलं." आणि कान चोळला.

मी पाहिलं. पाहूनही गप्प राहिले. देवाचं नाव मध्ये आणलं होतं त्यानं.

या घरात बोकड कापला की ताटली माझ्या हातात असते. गळ्याखाली ती मीच धरते. रक्त त्यात दह्यासारखं थिजलं, बोट लावल्यावर थरथरलं, की मी म्हणते, सोला आता. माझ्या सासूनं मला तसंच शिकवलं. त्या दिवशी ताटली भिंतीला टेकलेलीच राहिली.

तो बोकड मी दोन वर्षं पोसला होता. त्याची माय मेली तेव्हा चिंधी दुधात बुडवून पाजला, पुढे सरकी चारून मोठा केला. आम्ही काळ्या मातीतले लोक. पाऊस लागला की दोन महिने बैलबंडी गावाबाहेर निघत नाही. तेव्हा मडक्यातली सुकी सागुतीच कामी येते. आणि दोन वर्षांपासून तर ज्वारीच्या वावरातही पऱ्हाटीच. गोऱ्या साहेबाला कापूस हवा, अमरावतीच्या बाजारात भाव चढला, म्हणून गावानं बांधाच्या धुऱ्यापर्यंत कापूस पेरला. कडबा नाही, कणगी अर्धी. मी म्हटलं होतं, चंद्रभान, माणसानं कापूस खायचा काय? तो हसला होता.

मी आणि सून वच्छला, दोघींनी मिळून मांसाच्या लांब वाद्या कापल्या. दहीहांडा गावाकडच्या खाऱ्या विहिरीचं मीठ, हळद, दोन्ही चोळून माळवदावर दोरीला टांगल्या. वच्छलेला सातवा महिना. काळीज मी तिच्यासाठी वेगळं काढलं, परतलं आणि समोर बसून खाऊ घातलं.

"पुरे, आत्याबाई."

"खा व पोरी. तुह्या एकटीसाठी नाही देऊन राहिले."

माझ्याच हातानं दिलं मी ते.

तिसऱ्या दिवशी माळवदावर गेले. एवढ्या उन्हात वाद्या चामड्यासारख्या ताठ व्हायला हव्या होत्या. या मऊच. टोकाशी काळपट ओल, आणि वास असा की जिभेच्या मुळाशी बसला. मीठ कमी पडलं असेल, असं स्वतःला सांगितलं. पण मीठ मी घातलं होतं आणि माझ्या हातून मीठ कमी पडत नाही.

तशीच वावरात गेले. म्हसोबाचा दगड कोरडा ठक्क. शेंदरावर धूळ. रक्त सांडलेल्या जागी आठ दिवस मुंग्यांची रांग असते. तिथे एक मुंगी नव्हती.

माझा भाऊ डोळ्यांपुढे आला. तेरा वर्षांचा. फाशीनं पडलेल्या गाईचं कातडं ओढायला गेला होता. जनावर चरता चरता धाडकन पडतं, नाकातोंडातून पातळ काळं रक्त येतं आणि ते थिजत नाही, ती फाशी. भावाच्या मनगटावर काळपुळी उठली. मधोमध कोळशासारखी काळी. दुखत नाही म्हणायचा. दुखत नाही हेच तिचं वाईट. पाचव्या दिवशी त्याला मसणात नेलं.

तिथून थेट घरी आले. चंद्रभान ओसरीवर बैलांच्या शेंब्या चिंचेनं घासत होता.

"बोकड कसा मेला?"

"म्हनजे? म्या कापला ना, माय..."

"कान सोड. कसा मेला?"

शेंबी हातातून पडली.

"नाल्यात चरायले सोडला होता. इकडे हिरवं कोठी हाय सांग ना? सारी पऱ्हाटीच हाय. म्या बंडी भरून राहिलो होतो. येऊन पाहतो त आडवा. मंग गळ्यावर सुरी फिरोली."

"नाकातून रगत होतं?"

तो शेंबी उचलायला वाकला.

"चंद्रभान्या, होतं का?"

"होतं."

आतून वच्छला उंबऱ्यात येऊन उभी राहिली. तिचा हात पोटावर गेला. मी तिच्याकडे पाहूच शकले नाही.

माळवदावरची दोरी वाद्यांसकट उतरवली. परसात कमरेइतका खड्डा त्याच्याकडून खणून घेतला, सगळं आत, वर चुना. शेजारच्या जमुनाकडे वाटीभर खारवलेलं मांस पाठवलं होतं. ते परत मागायला मी स्वतः गेले. चाळीस वर्षांत या घरातून गेलेली वाटी कोणी परत मागितली नव्हती. म्हटलं, "जमुना, माह्या घरचं मटन खराब हाय. खाल्लं काय?" तिनं उतरंडीतून काढून दिलं. शिजवलं नव्हतं. ते वाटीसकट खड्ड्यात गेलं.

मग दिवस मोजणं. रोज सकाळी वच्छलेला उजेडात बसवायची आणि बोटं, बोटांची बेचकी, कोपर, मान तपासायची. डास चावला तरी ती जागा मी दोनदा दाबून पाहायची. एक दिवस ती म्हणाली, "आत्याबाई, पोटातलं आज हाललं नाही." मी तिला पाणी पाजलं, डाव्या कुशीवर निजवलं आणि पोटावर हात ठेवून बसून राहिले. दुपार कलली. मग आतून एक टाच लागली माझ्या तळहाताला. मी उठून न्हाणीत गेले आणि तोंडात पदर कोंबून रडले. माझं रडणं या घरानं पाहिलेलं नाही.

चंद्रभानचेही हात बघायची. तो मुकाट्यानं पुढे करायचा. त्या दिवसांत मी त्याला एक शब्द बोलले नाही. त्याला तेच जास्त लागत असावं.

सातव्या दिवशी सगळ्यांचे हात पाहून झाल्यावर पदर सावरताना माझं कोपर माझ्याच नजरेला पडलं. तिथे बाभळीचा काटा लागला होता, मीठ चोळायच्या आदल्या दिवशी. आता तिथे गोल पुळी होती. भोवती पाण्याचे फोड, मधोमध काळी. दाबून पाहिली. दुखली नाही.

चुलीपासून दूर झाले. हात मुरगळला म्हणाले. वच्छला घाबरू नये एवढंच मनात होतं. निदान मी स्वतःला तसं सांगितलं.

नवव्या दिवशी वच्छलेचे हात स्वच्छ निघाले. चंद्रभानचे स्वच्छ. माझा खांदा जड झाला होता, काखेत गाठ आली होती. मी त्याला परसात बोलावलं, चुन्याच्या खड्ड्याजवळ, आणि पदर वर केला.

तो बघत राहिला. हात कानाकडे निघाला आणि मध्येच थांबला.

"कवापासून, माय?"

"परवापासून."

"काहून नाही सांगतलं?"

मी पदर खाली केला. 

"नत्थुजी वैद्याले बोलाव. विळा तापवून डाग द्या म्हना. वच्छलेले जमुनाकडे पाठव, तिले आवाज गेला नाही पाहिजे."

तो हलेना. 

"तुह्या बोलन्याचं भ्या वाटलं, माय. बोकड तुहा लाडका होता. तू लय शिव्या देशीन वाटलं."

"देल्या असत्या," मी म्हणाले. "साऱ्या गावानं आयकल्या असत्या अशा देल्या असत्या. वाचली त अजूनही देईन. पन शिव्या खाऊन कोनी मरत नाही, चंद्रभान. जाय आता. नत्थुजीले आन."