उजवीकडे उतरलेले कोट

"हा कोट उजवीकडे उतरलाय," कागदात गुंडाळून आणलेला करडा कोट इस्त्रीच्या टेबलावर टाकत गुण्यामास्तर म्हणाले.

दुकानदारीण एका झग्याच्या चुण्यांवर इस्त्री फिरवत होती. तिने मान वर केली नाही. "उतरलाय म्हणजे, काका? रंग उतरलाय?"

"मी तुमचा काका नाही."

"बरं, आजोबा."

मास्तरांनी ते गिळले. तंत्रनिकेतनात यंत्रचित्रे शिकवण्यात ज्याचा जन्म गेला आणि जो विभागप्रमुख म्हणून निवृत्त झाला, त्या माणसाने असल्या ठिकाणी मानाची अपेक्षा ठेवायची नसते. दुकानाच्या पाटीवर वळणदार अक्षरांत 'विंटेज' असे लिहिले होते. जुने म्हटले की गिऱ्हाईक भाव पाडून मागते आणि विंटेज म्हटले की आवाज खाली आणते, एवढाच त्या शब्दाचा उपयोग, असे मास्तरांचे मत होते. आत आल्याबरोबर नाकात शिरणारा डांबरगोळ्यांचा वास, त्यावर मात करायला लावलेली उदबत्ती आणि कुणाच्या तरी दिवंगत सासऱ्याच्या जाकिटात स्वतःला न्याहाळणारी तरुण मंडळी, या सगळ्यांचा त्यांना सारखाच तिटकारा होता.

"उजवी बाही लांब आहे," त्यांनी बोटाने दाखवले. "उजवा खांदा घसरलाय. खालची कडही उजवीकडेच लोंबते. शिवणारा एक तर शिकाऊ असेल, नाहीतर प्यायलेला."

"घेताना घालून नाही का बघितलात?"

"कुठे? या आरशात?" मास्तरांनी कोपऱ्याकडे तुच्छतेने पाहिले. "भिंतीला रेलून तिरका उभा केलाय. त्यात माणूस आहे त्याहून उंच दिसतो आणि खूश होऊन पाकीट काढतो. जो आरसा ओळंब्यात नाही, त्यात मी बघत नाही."

ओळंबा, काटकोन, समांतर रेषा यांच्याबाहेरच्या जगाशी मास्तरांचे कधी जमले नव्हते. कंपासपेटीतला तो न वाकणारा त्रिकोण म्हणजे गुण्या. मुलांनी त्यावरूनच त्यांना नाव ठेवले होते. त्यांच्या कानावर ते आले होते आणि मनातून आवडलेही होते.

कोटाची भानगड तंत्रनिकेतनातून आलेल्या एका फोनमुळे सुरू झाली. चित्रशाळेच्या भिंतीवर माजी विभागप्रमुखांच्या तसबिरींची रांग होती आणि त्या रांगेत आता गुण्यामास्तर लागणार होते. झाडून सगळे पूर्वसूरी कोटात. मास्तरांनी नोकरीभर अर्ध्या बाहीचा शर्टसुद्धा घातला नसला, तरी कोट कधी शिवला नव्हता. नवे कोट त्यांनी पाहिले आणि नाक मुरडले. आतले अस्तर गोंदाने चिकटवलेले. दोन धुण्यांत छातीवर फोड येणार. कोट हवा तर हाताने टाचलेला, आत कॅनव्हास घातलेला, म्हणजे जुनाच. एकदा भिंतीवर गेल्यावर खोडरबर चालत नाही, म्हणून घाई करायची नाही, असे ठरवून ते या दुकानाची पायरी चढले होते.

आणि दर वेळी फसले होते. चौकडीचा तपकिरी, मग निळा, मग काळा. दुकानात प्रत्येक कोट उलटा करून त्यांनी टाके पाहिले, बटणांची काजे पाहिली, खिशांचे कोपरे पाहिले. घरी आणून, स्वतः ओळंबा लावून टांगलेल्या आरशासमोर घातला की प्रत्येक कोट उजवीकडे लोंबायचा. मग मास्तर त्या शिंप्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करून कोट कपाटात बंद करत. परत द्यायला जाणे म्हणजे आपण फसलो हे कबूल करणे, त्यामुळे परत करत नसत. मास्तरीणबाई त्या कपाटाला 'कोटांचा वृद्धाश्रम' म्हणत. आज मात्र संध्याकाळी फोटो काढायचा होता. सरळ कोट मिळाला तर रांगेत जायचे, नाहीतर तंत्रनिकेतनाला नकार कळवून भिंतीवरची जागा रिकामी ठेवायची, असे सकाळी त्यांनी घरात जाहीर केले होते.

दुकानदारिणीने इस्त्री बाजूला ठेवली. करडा कोट पाठीच्या शिवणीवर दुमडला, खांद्यावर खांदा आणि बाहीवर बाही ठेवून हाताने सपाट केला. पानावर पान बसावे तसे दोन्ही भाग बसले.

"तुम्ही ओढून धरलंत," मास्तर म्हणाले.

"मग तुम्ही करा."

मास्तरांनी केले. खिशातली पोलादी पट्टी काढून दोन्ही बाह्या मोजल्या. मग अस्तराच्या बाजूने पुन्हा मोजल्या.

"बदलून हवा तर बदलून घ्या, आजोबा," ती पुन्हा चुण्यांकडे वळत म्हणाली. "पण याला काहीही झालेलं नाहीये."

मास्तर कोट उचलून बाहेर पडले. हिने सपाट करताना कापड ताणले गेले असणार, असे त्यांनी कोपऱ्यापर्यंत स्वतःला पटवले. कोपऱ्यावर ते पटेनासे झाले.

घरी येताच त्यांनी जेवणाचे टेबल मोकळे केले, वृद्धाश्रमातले सगळे कोट काढले आणि एकेक दुमडून मोजला. तपकिरी दोन्हीकडे सारखा. निळा सारखा. काळ्याचे अस्तर कुजले होते, पण बाह्या सारख्या. वर्गात ते सांगत असत: एक भाग चुकला तर कारागिराला विचारा, सगळे भाग एकाच बाजूला चुकले तर आधी मोजमापाचे साधन तपासा. हे ज्याच्या डोक्यात शिरत नसे, त्याचा कागद ते दोन बोटांत धरून, मेलेला उंदीर दाखवावा तसा वर्गाला दाखवत.

मास्तर शर्ट काढून बनियनवर आरशासमोर उभे राहिले. आजवर ते या आरशात कोट पाहत आले होते. आता पाहायला फक्त माणूस होता. उजवा खांदा डाव्यापेक्षा स्पष्ट खाली होता. आरसा ओळंब्यातच होता.

"आज आश्रमातल्या सगळ्यांना बाहेर काढलंत?" मास्तरीणबाई दारात येऊन म्हणाल्या. मग त्यांनी नवऱ्याकडे पाहिले आणि खुर्ची ओढून बसल्या.

"माझा खांदा खाली आहे."

"हो."

"हो काय? तुला माहीत होतं?"

"अहो, बरीच वर्षं झाली. पिशवीचा पट्टा त्या खांद्यावरून घसरतो आणि तुम्ही पिशवीच्या नावानं बोटं मोडता."

"मग माझे शर्ट कसे नीट बसतात?" हा मास्तरांचा हुकमी पुरावा होता. शर्ट बसतो, कोट बसत नाही. म्हणजे दोष कोटाचा.

"शर्ट शिवायला कोण टाकतं? मी. उजवी बाही आखूड आणि खांद्याला उतार द्यायला सांगते. तो शिंपी आधी तयारच नव्हता. म्हणाला, वाकडे शर्ट शिवले तर माझा धंदा बसेल."

"म्हणजे इतकी वर्षं मी वाकडे शर्ट घालतोय."

"सरळ दिसलात ना पण."

"मला सांगायला काय झालं होतं?"

"सांगून काय करणार होतात? खांद्याला नापास?"

मास्तरांनी शर्ट उचलला, तो टेबलावर पसरून दुमडला आणि पाहिला. एवढा बेढब कपडा त्यांनी त्या दुकानातही पाहिला नव्हता. त्यांनी तो पुन्हा अंगात घातला.

"वेळ आहे अजून," मास्तरीणबाई म्हणाल्या. "करड्याची बाही मी आत टाचून देते. खांद्यात थोडा कापूस भरू. कोणाला पत्ता लागायचा नाही."

"ओतकामात खड्डा राहिला की पुट्टी भरतात आणि वरून रंग फासतात. असला माल मी कधी पास केला नाही."

"मग नकार कळवू? तुमचंच फर्मान आहे सकाळचं."

मास्तर कोटांकडे पाहत राहिले. जी माणसे आता या जगातही नसतील, त्या शिंप्यांना त्यांनी गाढव, दारुडे, हातात कात्री देण्याच्या लायकीचे नाहीत, असे म्हटले होते. तेवढ्याच तुच्छतेने त्यांनी पुन्हा एकदा आरशात पाहिले. आरशातल्या माणसाने नजर चुकवली नाही, एवढे मात्र त्याच्या बाजूने मान्य करावे लागले.

"नकार कशाला?" ते म्हणाले. "दोष कोटात असता तर दिला असता."

फोटोग्राफर च्युइंगम चघळत होता. त्याचा स्टुडिओ म्हणजे एक खोली, दोन छत्र्यांचे दिवे आणि मागे निळा पडदा. मास्तरांच्या मनातून तो पाहताक्षणी उतरला.

"सर, उजवा खांदा थोडा वर घ्या."

मास्तरांनी घेतला. फोटोग्राफर कॅमेऱ्यामागे वाकेपर्यंत तो आपल्या जागी आला.

"राहू द्या, सर. मी नंतर कॉम्प्युटरवर सरळ करतो. दोन मिनिटांचं काम."

"त्याला हात लावायचा नाही."

"पण भिंतीवर लागणार ना, सर? बाजूचे सगळे सरळ असतील."

"असतील," मास्तर म्हणाले. "त्यांचं त्यांना माहीत. तुमचा पडदा मात्र तिरका लागलाय. तो सरळ करा."

फोटोग्राफरने मागे पाहिले. चघळणे थांबवून तो स्टूल शोधायला गेला. स्टुलावर चढून त्याने पडद्याची दांडी उचलली. मास्तर मागे न वळता "अजून", "अजून थोडी", "झाली" असे सांगत राहिले, कारण समोरच्या खिडकीच्या काचेत त्यांना सगळे दिसत होते.

सोबत आलेल्या मास्तरीणबाई खुर्चीवरून उठल्या. त्यांनी नवऱ्याची कॉलर नीट केली, आणि मग सवयीने करड्या कोटाची उजवी बाही चिमटीत धरून मनगटापर्यंत वर ओढली. त्यांनी क्षणभर ती तशीच धरून ठेवली आणि सोडून दिली. बाही खाली आली आणि बोटांच्या पेरांवर येऊन थांबली. त्या आपल्या खुर्चीवर जाऊन बसल्या.