कूलरसमोरचे ग्राफिक्स कार्ड

मित्रांनो, माझ्या पंख्यांमागे पत्र्याच्या बारीक पट्ट्या आहेत. त्यांतल्या काही वाकल्या आहेत आणि काहींवर पांढरा थर अजून चिकटून आहे. मी गडचांदूरच्या एका घरातले, आता जुने झालेले ग्राफिक्स कार्ड आहे. संगणकाच्या पडद्यावर खेळातले डोंगर, नद्या, धावणारी माणसे दिसतात, ती रंगवण्याचे काम माझे. या कामात अंग फार तापते. म्हणून पट्ट्यांमधून हवा खेळती राहावी लागते.

कारखान्यातून मी चंद्रपूरच्या एका दुकानात आले. तिथे काचेच्या कपाटात माझ्या शेजारी माझे भावंड होते. आम्हा दोघांची चिप एकच, स्मृती सारखीच, किंमतही जवळपास तीच. पण ते जाड होते, काळे आणि साधे. त्याच्या पट्ट्यांमध्ये ऐसपैस जागा होती. मी सडपातळ, माझ्या पट्ट्या दाट, आणि कडेला रंग बदलणारे दिवे.

एके दिवशी निकेश दुकानात आला. त्याची मोठी बहीण रंजीता बी.एस्सी. झाली होती आणि शाळेच्या प्रयोगशाळेत काम करत होती. संगणकावरचे खेळ खेळण्यात तिचा हात पक्का होता. विदर्भातल्या मुलींच्या एका संघात तिला जागा मिळण्याची शक्यता होती. त्यासाठीच तिने संगणक जुळवायला घेतला होता. तिला सुट्टी नव्हती म्हणून कार्ड आणायला तिने भावाला पाठवले होते.

दुकानदार सुनिलभाऊंनी आम्हा दोघांनाही सुरू करून दाखवले.

"दोघायचं डोकं एकच हाये. जाडंवालं थंड राह्यते. हे पाहायले मस्त. दिवे लागले का पाहतच राहशीन!"

"ताईनं जाडंवालं सांगतलं," निकेश म्हणाला. पण त्याची नजर माझ्यावरून हटत नव्हती.

"मंग ताईले पाठवाचं होतं ना, भाऊ! तू कायले आला?" सुनिलभाऊ हसले.

निकेशही हसला आणि त्याने माझ्याकडे बोट दाखवले. मला निवडले म्हणून मी तेव्हा फार खूश झाले. त्या आनंदाची मला आजही लाज वाटते, कारण दुकानाच्या पायरीवर मी त्याचे फोनवरचे बोलणे ऐकले.

"ताई, जाडंवालं खतम झालं म्हणते. दुसरं घेतलं."

"असू दे," रंजीता म्हणाली. "नाई तर नाई. सांभाळून आणजो."

थंडीत मी छान काम केले. दिवे पाहायला निकेशचे मित्र यायचे. पण एप्रिल लागला आणि खोली भट्टीसारखी तापू लागली. खिडकीखालून सिमेंटचे ट्रक जात, त्यांची धूळ माझ्या दाट पट्ट्यांत अडकू लागली. खेळ मधेच अडखळे. रंजीता कपाळाला हात लावून म्हणे, "निक्या, हे कार्ड लय गरम होऊन राह्यलं रे."

निकेशला ते टोचायचे. त्याच्या मनाने एक उपाय काढला. त्याने संगणकाच्या पेटीचा बाजूचा पत्रा उघडला आणि खोलीतला पाण्याचा कूलर उचलून थेट माझ्यासमोर आणून ठेवला. वाळ्याच्या ताट्यांतून येणारी गार, ओलसर हवा माझ्या अंगावर आली. तापमान झरझर उतरले. "वा रे माया इंजिनिअर!" म्हणून रंजीताने त्याच्या पाठीत धपका मारला. निकेशला किती बरे वाटले असेल!

पण मित्रांनो, कूलरची हवा म्हणजे पाणीच की! सिमेंटच्या गावात ओल्या धुळीचे काय होते, हे वेगळे सांगायला नको. माझ्या पट्ट्यांमध्ये हळूहळू गिलावा चढत गेला. बाहेरून दिवे मात्र तसेच लखलखत होते.

निवडीचा सामना रविवारी दुपारी होता. रंजीता उत्तम खेळत होती. आणि ऐन रंगात माझा श्वास कोंडला. पडदा काळा झाला. तिने पुन्हा सुरू केले, पुन्हा काळा. थोड्या वेळाने संघाची कर्णधार उर्वशी हिचा फोन आला.

"तू मधातच गायब झाली, यार! चंदाले घ्या लागलं तुया जागेवर. काय करू?"

रंजीताने फोन ठेवला. निकेश दारात उभा होता. त्याचा चेहरा पाहून तीच म्हणाली, "रडतं काऊन? तुयी काय चूक? दुकानात होतं तेच आणलं तूनं."

"नाई, ताई. जाडंवालं होतं दुकानात." "मले याचे दिवे आवडले. म्हणून खोटं बोललो."



"मी टीममधल्या पोरींले सांगतलं होतं," रंजीता म्हणाली, "का माया भाऊ समोर उभा राहून पारखून आणते." मग तिने कूलर बंद केला. "आज मले ताई म्हणू नको."

निकेशने मला बाहेर काढले आणि जुन्या दातांच्या ब्रशने घासू लागला. धूळ पडेना, खपल्या पडत होत्या. घाईत माझ्या पट्ट्या वाकल्या. मी बोलू शकत असते, तर मीही माफी मागितली असती.

मित्रांनो, आमच्यासारखी वस्तू निवडताना ती कुठल्या खोलीत राहणार आणि कुणाच्या कामाला येणार, ते आधी पाहा. आमच्या अंगावरची धूळ सुकी असतानाच मऊ ब्रशने झटका. कूलर आमच्याकडे वळवू नका. आणि कुणी विश्वासाने काही सांगून पाठवले असेल, तर तेच आणा. तसे जमले नाही, तर खरे कारण त्याच दिवशी सांगा.

निकेश आता माझी काळजी घेतो. कुणी न सांगता मला पुसतो. दोघे पुन्हा बोलतात, भांडतात, एकत्र जेवतात. पण चंद्रपूरहून काही आणायचे असले, की रंजीता स्वतः बसने जाते. निकेश तिला स्टँडपर्यंत सोडतो आणि गाडी सुटेपर्यंत तिथेच उभा राहतो.