सगळेच त्रिकोण समद्विभुज

बंगळुरातल्या व्हाइटफील्डच्या त्या शाळेत गणिताच्या शिक्षकांना शनिवारीही यावं लागे, 'व्यावसायिक विकासा'साठी. शिकवायला येई निहार. मूळचा नागपूरचा, आता एचएसआर लेआउटमधल्या एका प्रशिक्षण कंपनीत. मुलगा गोड होता, पण कुणीही काहीही बोललं की "वा, काय सुंदर विचार!" म्हणायचा. आसावरीने एकदा पंखा कमी करायला सांगितलं, तर तेव्हाही तेच म्हणाला.

आसावरी ही शिक्षकांतली नवी, पुण्याहून नुकतीच आलेली. तिच्या शेजारी बसणाऱ्या श्यामलाअक्का जयनगरच्या, आजोबांपासून बंगळुरात, आता निवृत्तीला टेकलेल्या.

"अक्का, हा आपलं ऐकतो तरी का, बघू या?"

"सरी, चालेल," अक्का म्हणाल्या. "पण स्वल्प सभ्यपणे हं."

पुढच्या शनिवारी दोघींनी कुठेतरी वाचलेली फसवी सिद्धता घेऊन फळ्यावर सिद्ध केलं, की कुठल्याही त्रिकोणाच्या दोन बाजू सारख्याच असतात. म्हणजे सगळेच त्रिकोण समद्विभुज! आकृती काढली, एक कोनदुभाजक, एक लंबदुभाजक, थोडे लंब, आणि शेवटी ठसक्यात 'म्हणून'. बाकीचे शिक्षक खाली मान घालून हसू दाबत होते. निहारने टाळ्या वाजवल्या, फोटो काढला आणि थेट मुख्याध्यापिका भार्गवी मॅडमना पाठवला.

सोमवारी शाळेच्या दारातच त्याचं भलंमोठं पोस्टर लागलं. खाली दोघींची नावं, ठळक अक्षरात.

"अक्का, मेलो आपण! पालक वाचतील!"

पालकांनी वाचलं. इंजिनिअर होते, संशोधन संस्थेतले होते. सगळे थांबले, मान डोलावली आणि गेले. एक गृहस्थ तर म्हणाले, "आम्हाला कुणी इतकं सोपं करून शिकवलंच नाही."

"चूक आहे म्हणून काढायला सांगू या," आसावरी म्हणाली.

"मग मॅडम विचारतील, चूक कुठे आहे."

आसावरी पोस्टरवरची आकृती बोटाने गिरवू लागली. "कुठे आहे, अक्का?"

"म्हणजे? तुला माहीत नाही?"

"मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे."

त्या संध्याकाळी गणिताचे सगळे शिक्षक जयनगरला अक्कांच्या घरी जमले. कॉफी झाली, भांडणं झाली. प्रत्येक पायरी तपासली, प्रत्येक बरोबर निघाली. एवढ्यात बेल वाजली. दारात निहार. कुणीतरी चुकून, तोही असलेल्या शिक्षकांच्या ग्रुपवर पत्ता टाकला होता.

"मी त्या दिवशी दुसऱ्या पायरीलाच हरवलो होतो," तो चपला काढता काढता म्हणाला. "वाटलं, तुम्हा सगळ्यांना कळलंय, आपण कशाला विचारा."

"आत या," अक्का म्हणाल्या. "हा कंपास धरा. आकृती हाताने नको, मापाने काढा."

लहान मुलासारखी जीभ बाहेर काढून त्याने आकृती काढली. आसावरी घाईने म्हणाली, "हां, आता दोन्ही दुभाजक त्रिकोणाच्या आत मिळतात ना..."

"थांबा मॅडम, चुकताय तुम्ही," निहार म्हणाला. "बाहेर मिळतात!"

खरंच, बिंदू त्रिकोणाच्या बाहेर पडला होता. तिथून काढलेला एक लंब बाजूवर आला आणि दुसरा बाजूच्या पलीकडे, वाढवलेल्या रेषेवर. एकीकडे बेरीज करायची, तर दुसरीकडे वजाबाकी. दोघींनी दोन्हीकडे बेरीजच केली होती. खोटं होतं ते चित्र! सगळे एकदम ओरडले, कुणाची तरी कॉफी सतरंजीवर सांडली, आणि मग आणखी वाकडेतिकडे त्रिकोण काढून बघायचा सपाटा सुरू झाला. जेवायची वेळ टळून गेली तरी कुणी उठेना.

दुसऱ्या दिवशी दोघी भार्गवी मॅडमसमोर उभ्या राहिल्या आणि सगळं सांगून टाकलं. मॅडमनी कॅलेंडरवर पालकसभेची तारीख पाहिली.

"पोस्टर काढू नका," त्या म्हणाल्या. "वर लिहा, 'यातली चूक शोधा'."

पालकसभेत त्यांनी शांतपणे सांगितलं, "छापलेल्या शब्दावर मुलांनी आंधळा विश्वास ठेवू नये, म्हणून ही चूक मी मुद्दाम लावून घेतली."

टाळ्यांचा कडकडाट झाला. हसू फुटू नये म्हणून अक्कांनी आसावरीला असा चिमटा काढला, की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. शेजारच्या बाईंना वाटलं, भाषण फारच भिडलंय.