दुसरा गोल

काचवाल्याने खिडकीच्या कडेची पुट्टी अंगठ्याने दाबून पाहिली. सुकून तिचा भुगा झाला होता. काच नुसती दोन खिळ्यांच्या आधारावर उभी होती. रुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या या व्हरांड्यात अकरा खिडक्या होत्या आणि दुपारपासून त्याच्या अकराही तपासून झाल्या होत्या. भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजून पाच मिनिटे झाली होती. शस्त्रक्रियागृहाच्या दारावरचा लाल दिवा विझायचे नाव घेत नव्हता.

बायकोला बारा वाजता आत नेले होते. पोटातली गाठ काढायची; दोन तासांचे काम, असे सर्जनबाई म्हणाल्या होत्या. बायकोने लगेच त्यावरून वेळापत्रक आखून टाकले होते. "दोनला मी बाहेर. तीनला सामना सुरू, पाचला निकाल. झोपेत असले तरी हलवून सांगा."

आज शहरातल्या दोन संघांची गाठ होती, आपले हिरवे आणि नदीपलीकडचे निळे. गेली चार वर्षे निळेच जिंकत आले होते. हिरव्यांचा घरच्या मैदानावरचा एकही सामना तिने लग्नाच्या आधीपासून चुकवला नव्हता. दहाव्या रांगेतून तिचा आवाज असा काही लागायचा की लाइनमन मागे वळून बघायचा. तिथले सगळे तिला कॅप्टन म्हणत. काल संध्याकाळी खाटेवर बसल्याबसल्या कॅप्टनने हुकूम सोडला होता, की तिच्या धाकट्या भावाने आणि रांगेतल्या दोन सोबत्यांनी, टायरवाल्याने आणि मास्तरांनी, मैदानावर जायचेच.

"इथे येऊन रडकी तोंडं करून बसायचं नाही. गोल कसे झाले ते नीट बघून या. पेपरातलं मला चालत नाही."

तिघांनी मुकाट माना डोलावल्या होत्या. काचवाल्यालाही ते बरेच वाटले होते. कोणी समोर बसून 'होईल सगळं ठीक' म्हणू लागले की त्याच्या अंगातले होते नव्हते ते त्राण जाई.

पण तीन वाजले, साडेतीन झाले, दार उघडेना. चारच्या पुढे काटा सरकला तेव्हा मात्र त्याला राहवले नाही. त्याने टायरवाल्याला फोन लावला.

"अजून आतच आहे रे ती," एवढेच त्याला बोलता आले.

"हो का," टायरवाला म्हणाला. "मी जरा पाणी प्यायला बाहेर आलोय. लागतो वेळ कधीकधी. तू बस. एक-एक चालू आहे."

त्या फोनलाही आता तास होत आला होता.

लिफ्टचे दार उघडले. तिघे एकदम बाहेर पडायला गेले आणि दारातच अडकले. तिघांच्या गळ्यात हिरवे मफलर. पुढे टायरवाला, आडवातिडवा, धापा टाकत. त्याच्या मागे मेहुणा, टपाल कचेरीत रजा टाकून आलेला. शेवटी मास्तर, चित्रकला शिकवून निवृत्त झालेले, एक हात गुडघ्यावर ठेवून. तिघांनी आधी लाल दिव्याकडे पाहिले, मग त्याच्याकडे. त्याने नुसती मान हलवली.

"जिंकलो," मेहुणा हळूच म्हणाला. तो शब्द इथे बोलावा की नाही, अशा आवाजात. "दोन-एक, भावजी."

काचवाला बाकावर टेकला. "खरंच?"

"खरंच म्हणजे काय! चार वर्षांनी पाणी पाजलं त्यांना," टायरवाला म्हणाला.

"पाणी कसलं पाजलं?" मास्तर बाकाच्या टोकाला बसत म्हणाले. "पहिला अर्धा तास आपली मधली फळी घोरत पडली होती. जिंकलो म्हणून त्यावर पांघरूण घालायचं का?"

"मास्तर, जिंकल्यावर तरी दोन शब्द बरे बोला."

"जिंकल्यावरच बोलायचं असतं. हरल्यावर काय, सगळेच बोलतात. आठव्या मिनिटाला कॉर्नर. त्यांचा तो बुटका गोलसमोर एकटा उभा, बसची वाट बघत असल्यासारखा. आणि आपले दोन बॅक एकमेकांना 'तुम्ही आधी, तुम्ही आधी' करतायत. झाला गोल!"

"त्यात बॅकचा काय दोष?" मेहुणा म्हणाला. "गोलकीपरने पुढे यायला नको?"

"तो कसा येईल पुढे? त्याला खांबाचा लळा लागलाय."

काचवाल्याच्या तोंडून हसण्यासारखा काहीतरी आवाज निघाला. त्याचा त्यालाच तो ओळखू आला नाही. व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या बाईने वळून पाहिले, तसा टायरवाल्याने आवाज उतरवला. पण दोन वाक्यांपुरताच.

"पेनल्टी मात्र शंभर टक्के खरी. सात नंबरला असा आडवा केला त्याने—"

"सात नंबर पडायला निमित्तच शोधत असतो. वारा सुटला तरी पडतो."

"मास्तर, तुम्ही आपले की निळ्यांचे?"

"मी खेळाचा."

हे वाक्य मास्तर पंधरा वर्षे म्हणत आले होते आणि दर वेळी त्यावरून भांडण पेटत असे. आताही पेटले. काचवाला आधी नुसता ऐकत होता. मग कधी तो पुढे सरकला आणि कधी बाकावर बोट आपटून बोलू लागला, हे त्याला कळले नाही. उंटाला, म्हणजे हिरव्यांच्या त्या साडेसहा फुटी नऊ नंबरला, पहिल्यापासून खेळवायला हवे होते. आपण महिनाभर घसा कोरडा करतोय. प्रशिक्षकाला डोळे आहेत की बटणे?

"घेतला ना दुसऱ्या हाफला!" मेहुणा म्हणाला. "आणि त्यानेच मारला की दुसरा. काय हेडर होता, भावजी! डावीकडून क्रॉस आला, हा सगळ्यांच्या वर—"

"हेडर?" टायरवाला म्हणाला. "डाव्या पायाने मारला त्याने."

"डोक्याने."

"अरे, पाय होता! चेंडू जमिनीलगत सरपटत गेला."

दोघे मास्तरांकडे वळले. मास्तरांनी चष्मा काढून मफलरच्या टोकाने पुसायला घेतला.

"ऐन वेळी माझ्या पुढचा माणूस उभा राहिला," ते म्हणाले.

"धन्य आहे तुमची!" काचवाला म्हणाला. "चार वर्षांनी जिंकायचा गोल आणि तिघांचं तीन तऱ्हांचं. कॅप्टनला काय सांगणार आहात?"

कोणी काही उत्तर द्यायच्या आत दारावरचा लाल दिवा विझला.

सर्जनबाई बाहेर आल्या तेव्हा चौघेही उभे होते. त्यांनी डोक्यावरची हिरवी टोपी काढली. केस घामाने कपाळाला चिकटले होते.

"गाठ आतड्याला घट्ट धरून बसली होती. सोडवायला वेळ लागला. पण पूर्ण निघाली. आजूबाजूला कुठे काही दिसलं नाही. तपासणीचा अहवाल आठवड्याने येईल, पण मला तरी काळजीचं वाटत नाही. तासाभरात त्यांना वॉर्डात आणू."

काचवाल्याला पुष्कळ काही बोलायचे होते. तोंड उघडले तेव्हा शब्द आले ते असे:

"बाई, तुमच्या इथल्या काचा सैल झाल्यात सगळ्या. मी येऊन बसवून देईन."

सर्जनबाईंनी क्षणभर त्याच्याकडे पाहिले. "बरं, या," त्या म्हणाल्या आणि हात पुसत निघून गेल्या.

त्याचा जीव भांड्यात पडला तो असा, काचांच्या गोष्टीवर. मेहुणा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला होता. त्याचे खांदे हलत होते. टायरवाल्याने मोठ्ठा श्वास सोडला आणि खिशातून रुमाल काढून तो चुकून मास्तरांनाच दिला. मास्तरांनी तो घेऊन नाक शिंकरले.

वॉर्डातल्या खोलीसाठी खाली जाऊन एका अर्जावर सही करायची होती. सही करून काचवाला जिन्याकडे वळला, तेव्हा दारावरच्या पहारेकऱ्याने त्याला हाक मारली. पन्नाशीचा माणूस होता. टेबलावर जुना रेडिओ.

"तिसऱ्या मजल्यावरचे ना तुम्ही? कसं आहे पेशंटचं?"

"झालं ऑपरेशन. बरी आहे आता."

"सुटलो बाबा! म्हणजे तुमचे ते तिघे आता घरी जातील."

"कोण तिघे?"

"हिरव्या मफलरवाले हो. एक वाजल्यापासून पार्किंगच्या कट्ट्यावर बसून होते. पाचपर्यंत वर एकालाच सोडतो आम्ही. म्हटलं, घरी जा, फोन येईल. तर नाही. मग माझ्या रेडिओवर सामना ऐकत बसले. मी निळ्यांचा, साहेब! माझाच रेडिओ, आणि पेनल्टीला यांनी माझ्याच कानाशी बोंब ठोकली. ते म्हातारे तर माझी खुर्चीच बळकावून बसले होते."

काचवाला रेडिओकडे बघत राहिला. मग त्याने विचारले, "आणि दुसरा गोल?"

"तो कुठे ऐकला कोणी? त्या जाड्या गृहस्थांना कसलासा फोन आला. आत लांबलंय, म्हणाले, आणि रेडिओ बंदच करून टाकला. मीही गप्प बसलो. वीस-पंचवीस मिनिटं तिघं मान वर करून त्या खिडक्यांकडे बघत होते. एक शब्द नाही. परत लावला तेव्हा दोन-एक होऊन गेलं होतं." पहारेकऱ्याने उसासा टाकला. "माझ्या दृष्टीने बरंच झालं म्हणा. तेवढा एक गोल तरी ऐकावा लागला नाही."

काचवाला लिफ्टने गेला नाही. जिन्याने निघाला आणि दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पायरीवर बसला. वरून उतरणाऱ्या एका बाईंना वाट द्यायला भिंतीला टेकला. त्या गेल्यावरही थोडा वेळ तसाच बसून राहिला. मग सदऱ्याच्या बाहीने तोंड पुसून वर गेला.

वर तिघांचे पुढच्या सामन्यावर जुंपले होते.

"एवढा वेळ?" टायरवाल्याने विचारले. "काही भानगड?"

"रांग होती," काचवाला म्हणाला. तो मास्तरांच्या शेजारी बसला. "मास्तर, पाय वर घ्या बाकावर. गुडघा दुखत असेल."

"दुखायला काय झालं? मैदानात बसायला जागा असते रे."

"तेही खरंच," काचवाला म्हणाला.

पावणेसातला त्याला आत बोलावले. तिचा चेहरा कागदासारखा दिसत होता, ओठ कोरडे, हाताला सलाइनची नळी. त्याने तिच्या कपाळावर तळहात ठेवला. तिने डोळे उघडले, त्याला शोधले आणि जीभ ओठांवरून फिरवली.

"किती?"

"दोन-एक. आपण."

तिच्या ओठांचा एक कोपरा हलला. "दुसरा कसा झाला?"

दाराच्या काचेतून तीन डोकी आत डोकावत होती. काचवाल्याने त्यांच्याकडे पाठ केली आणि वाकून, हलक्या आवाजात तिला सांगितले: कट्टा, पहारेकऱ्याचा रेडिओ, फोन, ती वीस मिनिटे. चार-पाच वाक्येच झाली. त्याहून जास्त त्याला जमले नाही. ती डोळे मिटून ऐकत होती. झोपली की काय, असे त्याला वाटले, तेवढ्यात तिच्या डोळ्यातून एक थेंब कानामागच्या केसांत उतरला.

"मी जा म्हटलं होतं त्यांना."

"हो."

"गाढवं आहेत तिघंही."

"हो."

"तुम्हाला कळलंय, हे ठाऊक आहे त्यांना?"

"नाही."

बोलायचा तिला त्रास होत होता. "मग बोलवा आत."

परिचारिकेने 'पाचच मिनिटं, आणि हळू' अशी तंबी देऊन तिघांना सोडले. टायरवाला चवड्यांवर चालत आला. मेहुण्याने पांघरुणावरून बहिणीच्या पायाला हात लावला आणि तो तिथेच राहू दिला.

"सांग," ती त्याला म्हणाली. "दुसरा गोल."

"हेडर होता, ताई. उंटाचा."

"डाव्या पायाने," टायरवाल्याच्या तोंडून निघून गेले आणि त्याने जीभ चावली.

"क्रॉस कुठून आला?"

"डावीकडून," एक म्हणाला. "उजवीकडून," दुसरा म्हणाला, त्याच दमात.

तिने मान किंचित वळवली. "मास्तर?"

मास्तर खाटेच्या दांडीला धरून उभे होते. त्यांनी मफलर सोडून हातात गुंडाळला. "कॅप्टन," ते म्हणाले, "खरं सांगायचं तर—"

"खरं नको, मास्तर. सामना सांगा. पहिल्यापासून."

मास्तरांनी चमकून काचवाल्याकडे पाहिले. काचवाला सलाइनची नळी कुठे दबत तर नाही ना, हे फार बारकाईने बघत होता. मास्तरांनी गुंडाळलेला मफलर पुन्हा गळ्यात घातला. मग त्यांनी घसा साफ केला.

"पहिला अर्धा तास," ते म्हणाले, "आपली मधली फळी घोरत पडली होती."

"झालं सुरू!" टायरवाला म्हणाला.

"झोपली नव्हती, ताई, दमली होती—"

"आठव्या मिनिटाला माणूस दमतो?"

"तुम्ही मधे बोलू नका, मास्तर, ताईला नीट कळू दे. कॉर्नर असा आला—"

"मला हसवू नका रे," ती पोटावर हात धरून म्हणाली. "टाके ओढतात."

दार उघडले. परिचारिका कमरेवर हात ठेवून उभी होती. "झाली पाच मिनिटं. चला, बाहेर व्हा सगळे."

कॅप्टनने सलाइनचा हात पांघरुणावरून चार बोटे वर उचलला.

"थांबा हो, सिस्टर," ती म्हणाली. "अजून आम्ही एका गोलने मागे आहोत."