आनंदीबाईंची डाळ

“आई, सिलेंडर परत संपला!” नीरज शेगडीचं बटण फिरवत म्हणाला. “तू गॅस चालू ठेवून विसरतेस, दुसरं काय? उद्यापासून स्वयंपाक मयूरी करेल. तू आराम कर.”

आराम कसला डोंबलाचा! भुसावळच्या रेल्वे क्वार्टरात आनंदीबाईंच्या हातचं जेवायला माणसं वाट वाकडी करून यायची. मुलाची बदली झाली, जयपूरला प्रताप नगरात बिऱ्हाड आलं आणि इथे सिलेंडर महिनाभरही पुरेना. त्यांना राग आला, पण रागापेक्षा भीती मोठी होती. त्यांच्या आईला शेवटी पोटची पोरंही ओळखू येत नव्हती. आपलंही तसंच होत असेल तर?

दुसऱ्या दिवशी सून मयूरी नव्या सिलेंडरवर भाजी-पोळी करून शाळेत शिकवायला गेली. डाळ राहिली, कारण बोअरची मोटर बिघडून नळ कोरडा पडला होता. मनाई झाली म्हणून काय घरच्यांना कोरडं जेवू घालायचं? आनंदीबाईंनी माठातलं पाणी कुकरमध्ये ओतलं. ओतताना जीव खालीवर झाला. ते गोड पाणी नीरज लांबच्या नळावरून स्कूटरवर कॅन लादून आणायचा. म्हणून आजवर त्यांनी ते फक्त प्यायला ठेवलं होतं, स्वयंपाकाला बोअरचं खारं.

रोज शिट्ट्यांवर शिट्ट्या व्हायच्या, तरी डाळ कणीदार. कुकर पुन्हा चढवावा लागायचा. आज झाकण उघडून पळी लावली, तर डाळ लोण्यासारखी मऊ! त्या बघतच राहिल्या.

संध्याकाळी मोटर सुरू झाल्यावर त्यांनी नीरजला शेगडीसमोर बसवलं. दोन्ही बर्नरवर सारखी पातेली, दोन्हींत मूठभर तूरडाळ. एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात माठातलं.

“अगं, आणखी गॅस जाळतेस?”

“जळू दे. गप बस आणि बघ.”

मयूरीही येऊन उभी राहिली. बऱ्याच वेळाने आनंदीबाईंनी दोन्हींतली डाळ काढून दोघांच्या तळहातावर ठेवली. माठातल्या पाण्याची चिमटीत विरघळली. नळाच्या पाण्याची दाताखाली कचकन वाजली.

“बाई गं!” मयूरी म्हणाली. “म्हणजे हे सगळं त्या खाऱ्या पाण्याने! आई, आम्ही उगाच तुमच्यावर...”

नीरजचा चेहरा उतरला. “आई, ‘मी विसरत नाही’ असं ठणकावून सांगायचंस ना मला.”

“कसं सांगू? माझाच माझ्यावर भरवसा उरला नव्हता रे,” त्या म्हणाल्या.

नीरज मांडणीवरून ताट काढून तिथेच फरशीवर मांडी घालून बसला.

“वाढ, आई. भूक लागलीय.”

“अरे, फोडणी तरी देऊ दे!” त्या म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसत लसूण सोलायला बसल्या.