धाकट्याचा ड्रायव्हर

थोरल्याने नवं कार्ड पुन्हा एकदा खाचेतून उपसलं, कडा पुसल्या आणि परत दाबून बसवलं. संगणक सुरू झाला. पडद्यावर अक्षरं भराभर सरकली आणि नेहमीच्याच ओळीवर येऊन अडली: डिस्क सापडली नाही.

"सापडली नाही म्हणे! समोर बसलीय की ढळढळीत!" तो पडद्यावरच खेकसला.

दाराशी लॅबच्या डॉक्टरीणबाई उभ्या होत्या.

"अहो, बाहेर माणसं रिपोर्टसाठी ताटकळलीत. ही फुकटची सिस्टीम घ्या म्हणून तुम्हीच मागे लागला होतात ना? संध्याकाळपर्यंत जमणार नसेल तर स्पष्ट सांगा, मी दुसऱ्या कोणाला तरी बोलावते."

"फुकटची नाही, खुली," तो म्हणाला. पण आवाजात जोर नव्हता.

जुना डिस्क कंट्रोलर जळाला होता. डिस्क धडधाकट होत्या, त्यांच्याशी बोलणारं कार्ड तेवढं नवीन. इतकं नवीन, की सिस्टीममध्ये ते चालवणारा प्रोग्राम, म्हणजे त्याचा ड्रायव्हर, अजून आलाच नव्हता. एकाच माणसाने तो लिहून सगळ्यांसाठी खुला ठेवला होता. थोरल्याने तो उतरवून घेतला, तर पहिल्याच ओळीत लेखकाचं नाव: सख्ख्या धाकट्या भावाचं. संगणकांच्या सामाईक दुकानाच्या वाटणीत दोघांची तोंडं फिरली ती फिरलीच. आई कधी याच्याकडे राहायची, कधी त्याच्याकडे, आणि दोन्हीकडे गप्प असायची.

सकाळपासून थोरल्याने केबली बदलल्या, खाचा बदलल्या, ड्रायव्हर नव्याने बांधला, कार्ड बनवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. फोन तेवढा केला नव्हता. अडला हरी, दुसरं काय! चरफडत त्याने नंबर लावला.

"मी बोलतोय."

पलीकडे खुर्ची करकरली. "बोल."

"तुझा ड्रायव्हर चालत नाही."

"चालतो. बूट इमेज नव्याने बांधलीस?"

थोरल्याचा हात कपाळावर गेला. सुरू होताना सिस्टीम जे गाठोडं आधी उघडते, त्यात ड्रायव्हर भरायलाच तो विसरला होता. दुकान नवं असतानाही तो हेच विसरायचा.

"नसशीलच," धाकटा म्हणाला. "तू काय सुधारणार!"

"बांधतोय. थांब जरा."

संगणक पुन्हा सुरू झाला. अक्षरं सरकली, आणि सगळ्या डिस्क एकेक करून हजर झाल्या. बाहेर प्रिंटर घरघरू लागला. "झालं बाई एकदाचं!" म्हणत डॉक्टरीणबाई तिकडे धावल्या.

"दिसल्या?"

"दिसल्या."

"मग झालं तर."

आता फोन ठेवायला काहीच हरकत नव्हती. दोघांपैकी कोणीच ठेवला नाही.

"बरं," थोरला घसा साफ करत म्हणाला, "यातली एखादी डिस्क बंद पडली, तर बदलायची कशी?"

धाकट्याला हे त्यानेच शिकवलं होतं, शेजारी बसवून, हात धरून.

पलीकडे धाकट्याने खुर्ची पुढे ओढली.

"नीट बस दादा," मग तो म्हणाला. "पहिल्यापासून सांगतो."